ईस्टरच्या सकाळी वाजलेली मात्राक

मित्रांनो, वर्षभर मला तोंड उघडायची मनाई असते. फक्त दोन दिवस माझे, आणि तेही दुःखाचे. मी एक जुनी मात्राक आहे. नाव ऐकून गोंधळू नका. हातभर सागाची फळी, तिला धरायला मूठ, आणि दोन्ही अंगांना कड्यांत अडकवलेले दोन लाकडी ठोके, एवढीच मी. मूठ धरून मनगट हलवलं की ठोके फळीवर आपटतात, खटाखट, खटाखट. त्यात सूर नाही की गोडवा नाही.

रेवदंड्याच्या खाली, खाडीच्या तोंडाशी आमचं ख्रिस्ती लोकांचं लहानसं गाव आहे. पवित्र गुरुवारी संध्याकाळच्या मिस्सेत, म्हणजे चर्चमधल्या मोठ्या प्रार्थनेत, चर्चची घंटा शेवटची वाजते आणि मुकी होते. प्रभू मेलेला असताना घंटा वाजवायची नाही, असा रिवाज आहे. मग शनिवारपर्यंत लोकांना प्रार्थनेला बोलवायचं काम माझ्याकडे येतं. घंटा लग्नाला वाजते, बारशाला वाजते, सणाला वाजते, म्हणून ती सगळ्यांची लाडकी. मला मात्र रडायचं असेल तेव्हाच बाहेर काढतात. तरुणपणी या गोष्टीचा मला फार राग यायचा, आता हसू येतं.

मला घडवलं आंतोन सुतारांनी. ते होड्या बांधायचे. एक होडी वादळात फुटली, तिच्या फळीतून त्यांनी मला काढलं. खाऱ्या पाण्यात मुरलेलं लाकूड, त्यामुळे माझा आवाज असा कोरडा आणि दूरवर जाणारा. आंतोनबाबांनंतर मी त्यांच्या मुलाकडे आणि मग नातवाकडे, म्हणजे पास्कूबाबांकडे आले. मला वाजवायचा मान त्याच घराचा. पास्कूबाबा तर मला जीव लावायचे. ईस्टरच्या आधीचा चाळीस दिवसांचा उपवासकाळ लागला की ते मला चर्चच्या माळ्यावरून घरी नेत, कड्यांना खोबरेल लावत आणि दाराजवळच्या खुंटीला टांगत. गुड फ्रायडेला माझा आवाज ऐकला की खालच्या आळीच्या म्हाताऱ्या चुलीवरचं भांडं उतरवून निघत. पोरं मला हात लावायला मिळावा म्हणून आपसांत भांडत. माझे ते दिवस चांगले होते.

पुढे मांडव्याच्या बोटीने मुंबईची माणसं येऊ लागली आणि खाडीकाठच्या वाड्यांत बंगले उठले. त्यांतले तीन बंगले सांभाळायचं काम जुझेशेठकडे होतं. जुझेशेठ आमच्या चर्चच्या कमिटीचे अध्यक्ष. चर्चला कर्णे त्यांनी दिले, मिरवणुकीतल्या प्रभूच्या मूर्तीवरची मखमल त्यांनी दिली. पास्कूबाबा त्यांच्याच एका बंगल्यावर वॉचमन होते, आणि त्यांचं घर उभं होतं तेही जुझेशेठच्या जागेत. हे नीट लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं त्यावरच अडलं.

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. ईस्टरच्या आधीचा रविवार म्हणजे झावळ्यांचा रविवार, त्याच्याही आधीचा मंगळवार होता. संध्याकाळी पास्कूबाबा घरी आले आणि मला मांडीवर घेऊन तेल लावायला बसले. त्यांच्या हातांना फिनेलचा उग्र वास येत होता. एकच कडी ते पुन्हा पुन्हा पुसत राहिले. त्यांची बायको फिलूबाय म्हणाली, "जेवून घ्या." ते म्हणाले, "भूक न्हाय." त्या रात्री खुंटीवर मला सुद्धा चैन पडलं नाही.

दुसऱ्या दिवशी गावभर झालं की डोंगराखालच्या आदिवासी वाडीवरचा गुणाजी चिंबोऱ्या, म्हणजे खेकडे, धरताना खाडीत बुडाला. काठावर तो पडलेला सापडला आणि बाजूला त्याचं जाळं होतं. बुडालाच, त्यात काय विचारायचं, असं जुझेशेठ सगळ्यांना सांगत होते. जाळण्यासाठी लाकडं त्यांनीच टेम्पोने पाठवली. मंगळवारी दिवस मावळायच्या आतच सगळं उरकून गेलं होतं. लोक म्हणाले, शेठ गरिबाच्या मदतीला धावले.

तिसऱ्या दिवशी गुणाजीची बायको राही आमच्या दारात आली. ती उंबऱ्याबाहेरच उभी राहिली.

"बाबा, तुमी गेटावर व्हतास. सकाली त्यो मला सांगून गेला, शेटच्या बंगल्याची संडासाची टाकी तुंबलीय, साफ करायला बोलवलाय. त्यो आत आला का न्हाय?"

पास्कूबाबांनी माझ्याकडे पाहिलं, तिच्याकडे नाही. "न्हाय बाय. मी न्हाय बघला."

"मंग जालं कसं त्याच्याजवल आलं? त्ये तर फाटकं जालं. दोन वर्सं आमच्या पडवीत पडून व्हतं. फाटक्या जाल्यानं कोन चिंबोऱ्या धरतं?"

बाबांनी मला खुंटीवरून काढलं आणि तीच कडी पुन्हा पुसायला घेतली. राही निघून गेली. तिची पावलं ऐकून मला कळलं की तिला सगळं समजलंय. तिला फक्त कोणीतरी मोठ्याने सांगायला हवं होतं. एवढंच तिचं मागणं होतं.

राहीने तक्रार दिली होती, म्हणून शनिवारी हवालदार आले. चहा झाला. "काय पास्कू, तो माणूस बंगल्यावर आला होता का?" बाबा म्हणाले, "न्हाय साहेब." हवालदारांनी ते लिहून घेतलं. त्यानंतर सोमवारी फादर सुजित आले. फादर नगरकडचे, वयाने तरुण, वाडीवर जाऊन बायकांना लिहा-वाचायला शिकवायचे. गावातल्या काहींना ते आवडत नसे. वाडीवाले आपले कोण लागतात, असं ही गावकरी मंडळी म्हणत. फादर खाटेवर बसले आणि हळूच म्हणाले, "पास्कूबाबा, राही माझ्याकडे येऊन रडली. तुम्हांला काही ठाऊक असेल तर मी तुमच्याबरोबर येईन."

"मला काय ठावं न्हाय, फादर."

मित्रांनो, मी लाकडाची आहे. पण त्या दिवशी मला त्या माणसाचा राग आला. तीन पिढ्या ज्या घराने मला वाजवलं, त्याच घराचं तोंड फादरच्या पुढ्यात खोटं बोलत होतं. फादर गेल्यावर फिलूबाय म्हणाली, "सांगून टाका." तेव्हा बाबा ओरडले, "सांगू आन जाऊ कुठं? छप्पर कुनाचं हाय डोक्यावर?" खरी गोष्ट ती होती.

गुड फ्रायडे आला. दुपारी तीन वाजता चर्च भरलं. त्याआधी बाबांनी मला हातात घेऊन तिन्ही आळ्यांतून फिरवून आणलं होतं. मग फादर प्रवचनाला उभे राहिले. ते ओरडले नाहीत, कोणाचं नाव घेतलं नाही.

"आज आपण प्रभूला धरून देणाऱ्या यहुदाला शिव्या देतो," ते म्हणाले. "मला प्रभूच्या दुसऱ्या शिष्याविषयी, पेत्राविषयी बोलायचं आहे. पेत्र वाईट माणूस नव्हता. त्याला थंडी वाजत होती. महायाजकाच्या अंगणात विस्तव पेटला होता, तिथे तो शेकायला बसला. आत त्याच्या गुरूला मारत होते आणि हा बाहेर हात शेकत होता. कोणी विचारलं तर म्हणाला, मी त्या माणसाला ओळखत नाही. का म्हणाला? विस्तव सोडवत नव्हता म्हणून. माझ्या माणसांनो, आपणही थंडीने गारठलेलीच माणसं आहोत. पण आपण शेकतोय तो विस्तव कोणाच्या अंगणातला आहे, हे एकदा बघा. आणि आत कोणाला मारलं जातंय, तेही बघा. क्रूसाचं चुंबन घ्यायला तुम्ही रांग लावाल. क्रूसावरून उतरवलेला माणूस दारात आणून ठेवला, तर दार उघडाल का?"

पुढच्या बाकावर बसलेले जुझेशेठ रुमालाने मान पुसत होते. पास्कूबाबांच्या हाताला इतका घाम आला की माझी मूठ निसटायला लागली.

संध्याकाळी मिरवणूक निघाली. पुढे मी, मागे मखमलीखाली प्रभूची निर्जीव मूर्ती, त्यामागे काळे कपडे घातलेल्या बायका. बाबा राखत त्या बंगल्याच्या फाटकासमोर आल्यावर बाबांचा हात थांबला. मिरवणूकही थांबली. मूर्तीला खांदा दिलेले जुझेशेठ दबक्या आवाजात म्हणाले, "वाजव ना रे. काय झालं?" बाबांनी मला पुन्हा हलवलं. माझा आवाज तेव्हा कसा निघाला ते मला आठवायला नको वाटतं.

शनिवारी रात्री घंटा वाजली, प्रभू उठला. रिवाजाप्रमाणे मला फडक्यात गुंडाळून माळ्यावर जायचं होतं. बाबांनी मला माळ्यावर नेलं नाही. सदऱ्याखाली लपवून घरी आणलं आणि उशाशी ठेवलं.

रविवारी सकाळची मिस्सा संपली. नवे कपडे घातलेली माणसं पायऱ्यांवर एकमेकांना मिठ्या मारत होती, घंटा जोरात वाजत होती. तेवढ्यात पास्कूबाबा पायरीवर उभे राहिले आणि त्यांनी मला वाजवायला सुरुवात केली. खटाखट, खटाखट. ईस्टरच्या दिवशी! माझ्या जन्मात असं कधी झालं नव्हतं. एक म्हातारी तर छातीवर क्रूसाची खूण करून मागे सरली.

"अरे पास्कू, डोकं फिरलं का तुझं?" जुझेशेठ धावत आले. "आज ईस्टर आहे! बंद कर ते!"

"तुमचा ईस्टर झाला, शेठ. वाडीवर अजून शुक्रवारच हाय."

घंटा वाजवणाऱ्याने दोर सोडला. मग बाबा बोलले.

"गुणाजी खाडीत न्हाय मेला. टाकीत मेला. शेठनी उतरवला त्याला. मी म्हटला, दोर बांधूया कमरेला. शेठ म्हनले, दोन मिंटाचं काम हाय. तो उतरला आन बसला तो बसलाच, हाक मारली तर ओ न्हाय. वर काढला तवा गेलेला. मी त्याला नळीनं धुतला. मी! वाडीवर कोन न्हाय बघून त्याच्या पडवीतलं जाळं उचलून आनलं आन त्याच्या बाजूला ठेवलं. राही माझ्या दारात आली तर मी न्हाय म्हटला. हवालदाराला न्हाय म्हटला. फादरला न्हाय म्हटला."

फादर बाजूलाच उभे होते. त्यांनी बाबांचा हात धरला आणि तसेच दोघं पोलीस ठाण्यात गेले. मी बाबांच्या काखेत होते. जबाब लिहून झाला. बातमी वाडीवर पोचली होती, बाहेर राही उभी होती. तिने ऐकलं, आणि ती बाबांना म्हणाली, "आज बोललास. पन मी त्याला जालून बसले ना. आता काय दाखवू ह्यांना?"

देह राहिला असता तर देहानेच सांगितलं असतं. बारा दिवस गप्प राहिलेल्या माणसाचा शब्द तेवढा उरला, आणि अशा शब्दावर बोट ठेवणं वकिलांना सोपं असतं.

बाबांची नोकरी गेली, पावसाळ्याआधी घरही गेलं. फादरनी त्यांना चर्चच्या आवारातल्या पत्र्याच्या खोलीत ठेवलं. वर्ष संपायच्या आत फादरची बदली झाली. गावाने बाबांना शिवी दिली नाही, फक्त ते बसत त्या बाकावर कोणी बसेना. मला कमिटीने काढून घेतलं. अवेळी वाजली, परंपरा मोडली, असा ठराव झाला. मग माझ्यासाठी काचेचं कपाट केलं. पॉलिश झालं, खाली पाटी लागली, आणि पोरांनी खेळू नये म्हणून माझे दोन्ही ठोके तारेने फळीला बांधले. सुट्टीत येणारी माणसं माझे फोटो काढतात. गुड फ्रायडेला आता मोबाईलमधला माझा आवाज कर्ण्यांवर लावतात. कर्णे जुझेशेठचेच.

जुझेशेठवरचा खटला अलिबागला उभा राहिला. पोलिसांनी लिहून घेतलेलं पुरत नाही, साक्षीदाराने न्यायाधीशांसमोर तोंडाने सांगावं लागतं. राही आणि पास्कूबाबा एसटीने अलिबागला जात, दोघं शेजारी बसत. परत आल्यावर बाबा माझ्या काचेपाशी येत आणि सांगत, "पुढची तारीख दिली." कधी वकील आलेले नसत, कधी साहेब रजेवर असत. असं सात वेळा झालं. आठव्या तारखेच्या आधी, गेल्या श्रावणात, बाबा पत्र्याच्या खोलीतच वारले. त्यांनी न्यायाधीशांसमोर एक शब्दही सांगितला नव्हता.

मयताला गावातली आठ-दहा माणसं आली. वाडीवरची सगळी आली आणि पावसात बाहेर उभी राहिली. सगळे दफनभूमीकडे गेल्यावर राही एकटी चर्चमध्ये आली. कुठे उभं राहायचं ते तिला ठाऊक नव्हतं. ती माझ्या कपाटासमोर आली, काचेतून माझ्यावरची तार बघितली. मग तिने बोटाच्या पेराने काचेवर ठोकलं. खट्. खट्. खट्. रिकाम्या चर्चमध्ये तो आवाज वेदीपर्यंत गेला. त्या दिवशी तिच्या नवऱ्याविषयी तिथे तेवढंच बोललं गेलं.

मित्रांनो, तुम्हांला शाळेत सांगतात, जुन्या वस्तू जपा. मला फार जपलंय. धूळ नाही, वाळवी नाही. पण माझ्यासारखीला असं जपणं म्हणजे मारून ठेवणं. तुमच्या गावातही कोणीतरी काहीतरी पाहिलेलं असेल. कदाचित तुम्हीच पाहिलं असेल. तेव्हा शुक्रवारची वाट बघू नका, प्रवचनाची वाट बघू नका. पास्कूबाबा चांगले होते, शूरही निघाले, पण बारा दिवस उशिरा, आणि ते बारा दिवस राही आजही भोगते आहे.

आणि कधी आमच्या चर्चमध्ये आलात तर एक करा. कपाटाची चावी मागच्या खोलीत दाराआडच्या खिळ्याला असते. तारेला दोनच पीळ आहेत, लहान बोटांनीसुद्धा सुटतील. मला पुसू नका. तार सोडा.