जेवणाच्या ट्रॉलीवरची टोपी

मी एक जुनी ट्रॉली आहे, मित्रांनो. न्यूझीलंडमधल्या एका छोट्या गावच्या दवाखान्यातली, जेवणाची. गावच्याच सुताराने मला तिथल्या तोतारा झाडाच्या लाकडातून घडवलं आणि खाली रबरी चाकं लावली. मटणाचा रस्सा, रताळी, वाफाळता चहा घेऊन मी वॉर्डात शिरले की आजारी माणसंही उठून बसायची. "आली बघा आपली गाडी!" म्हणायची. मला आभाळ ठेंगणं व्हायचं.

पण एक सकाळ अजून मनातून जात नाही. पायाची जखम चिघळली म्हणून तामाटीआजोबा भरती होते. त्यांचा नाश्ता माझ्यावर होता. घाईत असलेल्या नर्सने लघवीची धुतलेली बाटली त्यांच्या ताटाशेजारी ठेवली. तिच्या मनात काहीच वाईट नव्हतं. पण आजोबा माओरी, इथल्या मूळ रहिवाशांपैकी; त्यांच्या घरांत असल्या वस्तू जेवणाच्या जागी कधीच येत नाहीत. आजोबा ताट न उष्टावता निघून गेले, ते परत आलेच नाहीत. शेवटी शहरात नेऊन त्यांचा तो पाय कापावा लागला.

पुढे स्टीलच्या ट्रॉल्या आल्या. माझं एक चाक कुरकुरत होतं, म्हणून मला बैठकीच्या खोलीत ढकललं. तिथे नुसती चहा-बिस्किटं.

गेल्या हिवाळ्यात तिथेच एक बैठक झाली. दवाखान्याच्या कमिटीत निम्म्या जागा माओरींना द्यायच्या का, यावर वाद होता. खोली खचाखच भरली होती आणि कुणी कुणाकडे नीट बघत नव्हतं. आजोबांची मुलगी राविनिया पुढे उभी होती. आजोबांचा दुसरा पायही काळा पडू लागला होता आणि ते हट्टाला पेटले होते: कमिटीत आपली माणसं बसेपर्यंत त्या दवाखान्यात येणार नाही.

अध्यक्ष होता मरे. मेंढ्यांचा मोठा मालक आणि राविनियाचा वर्गमित्र.

"इथे सगळ्यांना सारखंच औषध मिळतं, राविनिया. वेगळ्या खुर्च्या कशाला?"

मागून टाळ्या पडल्या.

"सारखंच मिळतं, तर आमचीच माणसं आधी का मरतात रे?"

एकच गलका उठला. मरे घामाघूम झाला. त्याने डोक्यावरची टोपी काढली आणि माझ्यावर, बिस्किटांना लागून ठेवली.

माओरी मंडळींनी हातातले कप खाली ठेवले.

"आता काय झालं?" मरे म्हणाला.

"टोपी उचल आधी. डोकं आम्ही पवित्र मानतो, डोक्यावरची वस्तू खायच्या जागी ठेवत नाहीत. माझे बाबा असल्याच गोष्टीपायी इथून उपाशी गेले."

मरे गोरामोरा झाला. "अगं, मला काय माहीत! पहिलीपासून एका वर्गात होतो, कधी बोलली नाहीस."

"तू कधी विचारलंस?"

"कुणाला विचारायचं? आमच्या कमिटीत तुमचं आहेच कोण?"

बोलून गेला, आणि मग आपण काय बोललो ते त्याचं त्यालाच ऐकू आलं. त्याने टोपी उचलली, पण ती कुठे ठेवावी ते त्याला कळेना.

कमिटीचं मतदान झालं. तीन इकडे, तीन तिकडे. उरलं फक्त मरेचं मत. मागून कुणीतरी ओरडलं, "मरे, डगमगू नकोस!" राविनियाने डोळे मिटून घेतले. मग टोपी धरलेला हात मरेने माओरींच्या जागांच्या बाजूने वर केला. ओरडणारा माणूस दार आपटून बाहेर गेला.

त्याच आठवड्यात आजोबा चाकाच्या खुर्चीतून आले. डॉक्टर म्हणाले, उशीर झालाय, दोन बोटं जातील, पण पाय वाचेल. दुपारी राविनियाने मलाच वॉर्डात आणायला लावलं. माझं चाक वाटभर कुरकुरलं. आजोबांनी आधी माझ्यावर काय काय आहे ते नीट पाहिलं. नुसतं जेवण होतं.

मित्रांनो, मला पॉलिश नको, नवं चाक नको. माझ्यावर काय ठेवायचं आणि काय नाही, हे जेवणाऱ्याला आधी विचारा, एवढंच मागणं आहे. आजोबांनी ताट जवळ ओढलं आणि पोटभर जेवले.