पुंडलिकरावांची साक्ष

आमच्या दिग्रसच्या मंडळीत पास्टर संदेश देऊ लागले की मागच्या ओळीत डुलक्या सुरू व्हायच्या. पुंडलिकराव साक्ष द्यायला उभे राहिले, की मात्र पंख्याची कुरकुर ऐकू यायची.

साक्ष ठरलेली होती. जिनिंगमधली हमाली, मग देशी दारू, मग बायकोला मारहाण. मग ती सातव्या महिन्यात असताना नशेत तिच्या पोटावर घातलेली लाथ. इथे ते थांबायचे, चष्मा काढून पुसायचे आणि हळूच म्हणायचे, "पोरगा होता." बायांचे पदर डोळ्यांना जायचे. मग प्रभू भेटायचा, दारू सुटायची, चौदा वर्षांत एक थेंब नाही. हालेलुया.

रत्नप्रभा बायांच्या बाजूला तिसऱ्या ओळीत बसलेली असायची. साक्षीत तिचं पोट यायचं, नाव येत नसे. बाहेरगावचे लोक मान वळवून तिला बघून घ्यायचे. दारू सुटलेले गडी गावोगाव असतात. मेलेल्या बाळाची आई समोर बसलेली आहे, अशी साक्ष दुसरीकडे कुठे मिळणार?

त्या वर्षी उज्जीवन सभेच्या आदल्या दिवशी ती माझ्याकडे आली. मी महिला मंडळाची सेक्रेटरी. सभेनंतरच्या प्रीतिभोजनासाठी लसूण सोलत बसले होते. तिनेही चार पाकळ्या हातात घेतल्या.

"ताई, ह्यायले सांगा ना. उद्या बाळाचं नका सांगू म्हणा."

"काहून वं? दरवर्षी तर सांगतात."

"गुंजन आली ना बाळंतपणाले. सातवा लागला तिले. लहानपणापासून ऐकून राह्यली, पण आता तिचा जीव घाबरते. रात्री पोट धरून बसते."

"मग तूच सांग नवऱ्याला."

"सांगतलं. म्हणे, देवानं जे माफ केलं ते झाकणारा मी कोण?"

मी सांगितलं, खरंच सांगितलं. पुंडलिकराव चर्चच्या अंगणात सतरंज्या झटकत होते. शांतपणे ऐकून घेतलं त्यांनी. म्हणाले, "ताई, मी माझं पाप मिरवून नाही राह्यलो, देवाची कृपा मिरवून राह्यलो. बाळ काढलं तं साक्षीत उरते काय? दारू तं सारेच पेतेत."

मला ते पटलं. खोटं कशाला बोलू? लोक आर्णीवरून, पुसदवरून येणार होते. मी घरी जाऊन उरलेला लसूण सोलला.

दुसऱ्या दिवशी गुंजनची सासू बिजलीबाईही राजूरहून सभेला आली. गुंजनला खाली बसवेना म्हणून तिच्यासाठी प्लास्टिकची खुर्ची ठेवली होती. त्यामुळे सतरंजीवरच्या सगळ्या बायांमध्ये ती एकटीच उंच दिसत होती. रत्नप्रभा खुर्चीच्या पायाशी बसली होती.

पुंडलिकराव उठले. हमाली झाली, दारू झाली. मी मनात म्हटलं, कदाचित गाळतील. त्यांनी गाळलं नाही. उलट आज भर घातली. हात लांब करून खुर्चीकडे दाखवलं. "माझी लेक हे पाहा हितं बसली आहे. सातव्या महिन्यात आहे. असंच होतं पोट. अस्संच. आन् ह्या पायानं, दारूच्या नशेत मी..."

दीडशे माणसांनी गुंजनच्या पोटाकडे पाहिलं. तिने ओढणी पसरून पोट झाकून घेतलं.

रत्नप्रभा उभी राहिली. इतक्या वर्षांत ती सभेत कधी बोलली नव्हती. पास्टरांना आनंद झाला. "बहिणीला साक्ष द्यायची आहे, माईक द्या." माईक तिने तोंडापासून लांब, चिमट्यात धरल्यासारखा धरला.

"एक राहून गेलं ह्यायचं," ती म्हणाली. "त्या दिवशी हे पेलेले नव्हते. सकाळचे आठ वाजले होते. घरातली साखर सरलती, तं मी कोरा चहा बिनसाखरेचा देला. तेवढंच झालं." मग म्हणाली, "दारू पेले की हे झोपून जात जी. मारत ते शुद्धीवर."

आणि खाली बसली.

पुंडलिकरावांचा चष्मा हातातच होता. तो घालावा की पुसावा, ते त्यांना कळेना. शेवटी ते गुडघ्यांवर आले आणि मोठ्याने प्रार्थना करू लागले. "प्रभू, हिच्या मनातलं कडूपण काढ. मी हिले माफ करतो बाप्पा, तूबी कर."

तेवढ्याने सगळ्यांना वाट सापडली. कुठल्या पापासाठी प्रार्थना करायची ते आता स्पष्ट होतं. पास्टर म्हणाले, "बहिणींनो, जवळ या. चौदा वर्षं एक माणूस पश्चात्ताप करतोय आणि त्याच्या घरात त्याला क्षमा नाही." आम्ही दहा-बारा बाया तिच्याभोवती जमलो, तिच्या डोक्यावर हात ठेवले. मीही ठेवला. टाळू गरम होती. इतक्या हातांच्या वजनाने तिची मान वाकत गेली.

"म्हण बाई, मी क्षमा केली."

ती बोलेना. आम्ही हात काढेना. किती वेळ गेला, सांगता येत नाही. मागे जेवणाच्या ताटांचे आवाज सुरू झाले होते. मग ती म्हणाली, "केली." टाळ्या पडल्या.

जेवणं उरकल्यावर मी पाण्याचा जग घेऊन गेले, तेव्हा गुंजन आईशी बोलत होती. आवाज अगदी खाली.

"काहून सांगतलं तू?"

"तुझ्याकडे बोट दाखवलं त्यायनं."

"दाखवू दे ना. पेलेला बाप मले चालत होता आई. दारू सुटली, बाप बरा झाला, असं होतं माझ्याजवळ. आता काय सुटलं म्हणू मी त्याचं?"

रत्नप्रभाने तिच्या हाताला हात लावला. गुंजनने हात काढून घेतला. बिजलीबाई पिशवी भरतच होती. ती म्हणाली, "बाळंतपण आमच्याकडंच करू. तिथं दवाखाना जवळ आहे." दवाखाना दिग्रसलाही आहे. 

मंडळीने रत्नप्रभाला प्रभुभोजनापासून तीन महिने दूर ठेवलं, मन मऊ होईपर्यंत. ठराव मीच लिहिला. माझं अक्षर चांगलं आहे. दर रविवारी तिच्याजवळ बसायचं कामही मला दिलं. प्रभुभोजनाच्या भाकरीचं ताट आलं की मी ते तिच्यावरून पलीकडे द्यायची. पुंडलिकरावांना मात्र ढाणकीचं बोलावणं आलं, मग उमरखेडचं. साक्ष आता लांबली होती. क्षमा न करणाऱ्या बायकोला क्षमा करून तिच्यासोबत संसार करणारा माणूस, हा भाग लोकांना फार लागायचा.

तिसरा महिना चालू होता. रविवारी उपकारस्तुतीच्या, देवाचे आभार मानायच्या वेळी पुंडलिकराव उठले. "पहाटे राजूरवरून फोन आला. प्रभूनं आमच्या घरी लेकरू देलं. मायलेकरू दोघंबी सुखरूप आहेत."

आमेन, आमेन झालं. सगळ्यांनी वळून रत्नप्रभाकडे पाहिलं. मीही पाहिलं. दोघं नवराबायको तासाभरापूर्वी एकाच गाडीवरून चर्चला आले होते. तिचं तोंड पाहून कळलं, ती हे आमच्याबरोबरच पहिल्यांदा ऐकत होती.

पास्टरांनी बाळासाठी प्रार्थना सुरू केली. माना खाली गेल्या. तिने माझं कोपर धरलं.

"ताई, पोरगा का पोरगी?"

ते मलाही ठाऊक नव्हतं. चार हातांवर पुंडलिकराव उभे होते, विचारता आलं असतं.

"प्रार्थना चालू आहे वं," मी म्हणाले आणि डोळे मिटले.