उजवा पाय

"माझो पाय खंय?"

शुद्धीवर आल्या आल्या सहदेवने बायकोला पहिलं हेच विचारलं. पाणी मागितलं नाही, की टँकरवाला सापडला का तेही नाही.

वनमालाने पदराचा बोळा तोंडाशी धरला. गुडघ्याखाली पाय काढावा लागेल, हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. पण आता तिथे चादर सपाट पडलेली दिसत होती. गिरणी संपात बुडाली तेव्हापासून हा माणूस मुलुंडहून विक्रोळीला सायकलवरून वॉचमनकीला जात होता. हायवेवर टँकरने मागून उडवला. म्युनिसिपालिटीच्या त्या हॉस्पिटलात त्याच्यासारखे अपघातातले आणखी कितीतरी कण्हत पडले होते. कोण कोणाला विचारतो!

"तो कचऱ्याच्या गाडीत जाता नये," सहदेव म्हणाला. "थंय कुत्रे काय काय ओढतत, मी रोज बघतंय."

त्यांची खोली कचऱ्याच्या डंपिंग ग्राउंडच्या कुंपणाला लागूनच.

"मी नेतंय. तुमी पडान रवा."

ऑपरेशन थिएटरचा वॉर्डबॉय कुंडलिक आधी हसला, मग तिचं तोंड बघून वरमला. "बाई, असलं कोण नेत नाय. जड आहे, झेपेल का?" तरी त्याने पाय जुन्या चादरीत गुंडाळून वर गाठ मारून दिली. मेला जडच होता. तिने तो छातीशी कवटाळला. नाहीतर धरणार तरी कसा?

रिक्षावाल्याने खड्डे चुकवत गाडी अगदी हळू नेली आणि स्मशानाशी उतरवल्यावर पैसेच घेतले नाहीत.

"मयताचं नाव?" कारकुनाने मान वर न करता विचारलं.

"मयत नाय हो. नवऱ्याचा पाय आहे. नवरा जिता आहे माझा!"

"मग नाव घेऊ नका बाई इथं," तो दचकलाच. "हॉस्पिटलात परत द्या. ते टाकतात."

"टाकतात, तेच तर नकोय!" दिवसभर गिळलेलं सगळं वनमालाच्या तोंडून बाहेर पडलं. "जन्मभर मशिनीपुढे उभा राह्यला तो या पायावर. कुत्र्यांना घालू?"

कारकून पेनाचं टोपण काढत-घालत बसला. "मागे लहान पोरं पुरतात तिथे जा," तो शेवटी म्हणाला. "धोंडूला सांगा, मी पाठवलं."

धोंडूने फावडं खाली ठेवलं. तिच्या छातीशी धरलेल्या बोचक्याकडे बघत त्याने हलक्या आवाजात विचारलं, "केवढं होतं, ताई?"

रिक्षावाल्याने पैसे का घेतले नाहीत, ते तिला आत्ता कळलं. तिने खरं ते सांगितलं. धोंडूने खड्डा थोडा लांबट केला.

तिने गाठ सोडली. टाचेच्या भेगांत हायवेची काळी माती, करंगळीचं नख वाकडं. लग्नात तिच्या बापाने ताम्हणात धरून धुतला होता तो हाच पाय. तिने बादलीभर पाणी मागून घेतलं आणि एकेक बोट, एकेक बेचकं चोळून धुतलं. पुसायला काही नव्हतं. तसाच ठेवला, मूठभर माती लोटली, आणि मग तिने भोकाड पसरलं. धोंडू पाठ करून उभा राहिला.

ती वॉर्डात परतली तेव्हा सहदेव जागाच होता.

"ठेवलंस?"

"होय. पोरांच्या बाजूक."

त्याने डोळे मिटले. जरा वेळाने पुटपुटला, "पायाक थंडी लागता गे. उजव्या."

"धुतलंय मी तो," वनमाला म्हणाली. "ओलोच रवलो."

मग तिने पायथ्याची घोंगडी ओढून त्या सपाट जागेवर नीट पसरली आणि कडा गादीखाली खोचल्या.