चार अंशांची पाचर

आईचं छायायंत्र चुकतंय, असं दादाने बाबांच्या तोंडावर सांगितलं. माझा भाऊ असला तरी त्याला पोच म्हणून नाही. आईला जाऊन वर्षही झालं नव्हतं. जुनं घर विकून आम्ही बाबांना इकडे, तिथून सरळ उत्तरेला आमच्या गावी आणलं होतं. सामानातली एकच वस्तू त्यांनी कुणाच्या हाती दिली नाही, ते सावलीवरून वेळ दाखवणारं पितळी ताट.

त्यावरच्या तासांच्या रेघा आईने गणित करून कोरलेल्या, सावली पाडणारी तिरकी पट्टी बाबांनी बसवलेली. आई गणित शिकवायची, मुलं तिला टँजंटबाई म्हणत. बाबा कारखान्यात फिटर. दोघांनी न भांडता केलेलं हे एकमेव काम, असं ती हसून सांगायची. जुन्या घराच्या अंगणात दोघं संध्याकाळी त्याच्या शेजारीच बसत.

गच्चीवर मांडलं तेव्हा ते भर दुपारी बरोबर दाखवी, सकाळ-संध्याकाळ चुके. दादा म्हणाला, रेघा घासून काढू, नव्या कोरू. बाबा जेवणावरून अर्धपोटी उठले.

"ती गणितात चुकत नसे," हात धुताना ते मला म्हणाले.

चुकली नव्हतीच. तिचं गणित जुन्या गावाच्या अक्षांशाचं होतं आणि हे गाव चार अंश वर. मग तिच्या रेघांना हात कशाला लावायचा? माझं डोकंच फिरलं होतं, कागद ओढला. अख्खं यंत्र उत्तरेकडून चार अंश उचललं, की पट्टी पुन्हा पृथ्वीच्या आसाला समांतर. यंत्राची लांबी गुणिले चार अंशांचा साइन, ही पाचरीची उंची. बाबांनी पाचर तासली. दुसऱ्या सकाळी, सूर्याच्या वेळेचा घड्याळाशी असणारा नेहमीचा फरक धरून, सावली आठाच्या रेघेवर वेळेत टेकली.

बाबांनी सवयीने वर सपाटी तपासायची पाणसळ ठेवली. बुडबुडा एका टोकाला पळाला. जन्मात वाकडं काम हातून न सोडलेला माणूस. त्यांचा चेहराच उतरला.

"बाबा, हे इथल्या जमिनीला तिरकं आहे," मी म्हणाले. "आपल्या जुन्या अंगणाला मात्र समांतर आहे. तिथे होतं अगदी तसंच."

ते अंगण नव्या मालकाने कधीच खणून टाकलं होतं. बाबांना ते ठाऊक होतं. त्यांनी पाणसळ माझ्या हातात दिली आणि पितळेवर तळवा ठेवला.

"म्हणजे एवढं अंगण उरलं."

मला रडू आवरेना. बाबा मात्र शेजारी खाली बसले, आणि मग थोडे सरकले, आई बसायची ती बाजू मोकळी सोडून.