एकेचाळीस शेरे

बत्तिसाव्या शेऱ्यातलं नाव लायल हेन्शॉने खोडलं आणि त्या जागी 'एक कर्मचारी' असं टाइप केलं. मग जिना खोडला, मालमत्ता कायद्याचा पेपर खोडला, रडणं खोडलं. मुळात त्या विद्यार्थ्याने लिहिलं होतं की पेपरच्या आदल्या संध्याकाळी तो जिन्याखाली बसून रडत होता, तेव्हा त्या नावाची बाई शेजारी येऊन बसली, आणि बर्फ पडत असताना त्याला स्वतःच्या गाडीतून घरी सोडून आली. आता तिथे उरलं ते एवढंच : 'अडचणीच्या वेळी एका कर्मचाऱ्याने मदत केली.'

आधीच्या एकतीस शेऱ्यांचंही थोड्याफार फरकाने हेच झालं होतं.

नियम लायलनेच लिहिला होता. लॉ स्कूलच्या नियोजनाचं काम त्याच्याकडे होतं आणि दर वर्षी फेब्रुवारीत विद्यार्थ्यांची पाहणी घेतली जाई : वर्गात मन लागतं का, प्राध्यापक भेटतात का, ऑफिसची माणसं कशी वागतात, वगैरे. पहिल्याच पानावर वचन होतं की कुणाचंही नाव किंवा ओळख पटेल असा तपशील नियोजन समितीपुढे जाणार नाही. कायद्याचीच पोरं ती. त्यांनी या वाक्यालाही हरकती घेतल्या. 'जाणार नाही' म्हणजे किती वर्षं? समिती म्हणजे नेमकं कोण? लायलने तीनदा मसुदा बदलला. पोरांची भीती अगदीच खोटी नव्हती. पास झाल्यावर वकिलीची सनद मिळायच्या आधी चारित्र्य आणि मानसिक प्रकृती तपासली जाते, आणि एखाद्या वाईट हिवाळ्याचा कागद कुठून कुठे जाईल याचा नेम नसतो.

एकेचाळिसावा शेरा साफ करून लायल खुर्चीला टेकला. बेचाळिसावा नुसता पार्किंगला शिव्या देणारा होता. नाव आलेले शेरे एकेचाळीस, आणि एकेचाळीसही जागी नाव एकच. अर्डिस कुचेरा. तळमजल्यावर नोंदणीच्या खिडकीत बसणारी.

दहाच्या बैठकीत काय ठरणार होतं ते त्याला ठाऊक होतं. म्हणूनच त्याला उठावंसं वाटेना.

विद्यापीठाने प्रत्येक शाखेकडून कपातीसाठी एक जागा मागितली होती. लॉ स्कूलपुढे दोनच पर्याय होते : लेखन मार्गदर्शकाची जागा, नाहीतर नोंदणीच्या तीन खिडक्यांपैकी एक. खिडकी गेली तर कुठली जाणार हेही उघड होतं. दोन खिडक्या पाचला बंद होत. अर्डिसची तेवढी सातपर्यंत उघडी असे.

"सातापैकी सहा पूर्णांक तीन दशांश," डीन रोवेना प्रॅट पडद्याकडे बोट दाखवत म्हणाली. "ऑफिसच्या माणसांना एवढे गुण आजवर कधीच मिळाले नव्हते. आणि लेखन मार्गदर्शन चारच्याही खाली. पोरं ओरडून सांगतायत कुठे दुखतंय ते."

"मग जिथे दुखत नाही तिथे कापा," प्रोफेसर लूमिस म्हणाले. चौतीस वर्षं करार शिकवून शिकवून ते साधं पाणी मागतानाही उलटतपासणी घेतल्यासारखं बोलत. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि शेऱ्यांचा कागद डोळ्यांजवळ धरला. "एका कर्मचाऱ्याने मदत केली. एका कर्मचाऱ्याने वेळ दिला. एका कर्मचाऱ्याने समजून घेतलं. काय हो, अख्खं ऑफिस साधुसंतांचं झालंय की काय? मला तर तिथे साधा स्टेपलर मिळत नाही!"

सगळे हसले.

"तेच म्हणतेय मी," डीन म्हणाली. "इतकी चांगली माणसं आहेत, तर दोघांत निभेल."

"हे सगळे शेरे एकाच माणसाबद्दल असू शकतात," लायल म्हणाला.

"आहेत का?"

"सांगता येणार नाही."

लूमिस त्याच्याकडे वळले. "सांगता येणार नाही म्हणजे माहीत नाही, की माहीत आहे पण सांगणार नाहीस?"

"तेही सांगता येणार नाही."

"मग ते नोंदीत नाही. आणि जे नोंदीत नाही ते समितीपुढे नाही. हे मीच शिकवलंय तुला, हेन्शॉ."

"शिकवलंत की. बी मायनस देऊन शिकवलंत."

पुन्हा हशा झाला. लायलला मात्र हसू आलं नाही. पाहणीचे आकडे समितीपुढे मांडायला दर वर्षी त्याला फार आवडायचं, कारण आकडे कुणाची भीड ठेवत नाहीत. आज त्या आकड्यांमागचं नाव त्याने स्वतःच्या हाताने साफ धुऊन काढलं होतं, आणि ते साळसूदपणे खोटं बोलत होते.

"जेवणानंतर मत घेऊ," डीन म्हणाली. "चिठ्ठ्या टाका. उद्या खिडकीवर गेल्यावर कुणाला नजर चुकवायला नको."

समितीच्या जेवणाला नेहमीप्रमाणे मांस-राजम्याची चिली आणि दालचिनीचे गोड रोल होते. लायलने कागदाच्या रुमालात एक रोल गुंडाळला आणि तो तळमजल्यावर गेला.

अर्डिस एका मुलीला फॉर्म परत करत होती. "सही कर गं बाई. तीन वर्षं करार वाचतेस आणि स्वतःचा फॉर्म न वाचता देतेस!" मुलगी गेल्यावर तिने लायलच्या हातातला रोल पाहिला. ती साठीला आली होती. लायल इथे विद्यार्थी होता तेव्हाही याच खिडकीत ती होती, आणि अजून त्याच्याशी ती विद्यार्थ्याशी बोलावं तसंच बोलायची.

"कापतायत ना माझी खिडकी?"

"कुणी सांगितलं तुम्हाला?"

"अजेंड्याच्या झेरॉक्स कोण काढतं रे?"

लायलने आजूबाजूला पाहून आवाज खाली आणला. "अर्डिस, मला तुमची परवानगी हवीय. पाहणीत मुलांनी तुमच्याबद्दल—"

"थांब." तिने हात वर केला. "एक शब्द पुढे बोलू नकोस."

"काय लिहिलंय ते तुम्हाला माहीत नाही."

"नसायलाच हवं. फेब्रुवारीत एकही पोर ती पाहणी भरायला तयार नव्हतं, माहितेय तुला? सगळ्यांची एकच भीती. मी कोलमडलो होतो असं लिहिलं आणि ते सनदवाल्यांपर्यंत गेलं तर? एकेकाला या खिडकीतून सांगितलंय मी, की नावं हेन्शॉ स्वतः खोडतो आणि तो जीव गेला तरी बोलायचा नाही. तुझ्या भरवशावर शब्द दिलाय."

शंभरातल्या अठ्ठ्याहत्तर मुलांनी पाहणी भरली हे लायलने सकाळी पहिल्याच पडद्यावर मोठ्या अक्षरांत दाखवलं होतं, आणि मनातल्या मनात आपल्या तीनदा बदललेल्या मसुद्याची पाठ थोपटली होती. आता त्याची त्यालाच लाज वाटली.

"फक्त तुमचं नाव सांगितलं तर? मुलांबद्दल अक्षर नाही."

"दोनशे दहा पोरांची शाळा आहे ही. पाचनंतर माझ्यापाशी कोण बसलेलं असतं हे वरच्या मजल्यावरून सगळ्यांना दिसतं. माझं नाव आलं की त्यांची यायला किती वेळ लागणार?"

"नोकरी जाईल तुमची."

"कळतंय मला!" ती एकदम चिडली, मग हळू झाली. "मला जायचं नाहीये इथून, लायल. अजिबात नाहीये. घरी बसून मी काय करू? पण तू सांगायचं नाहीस."

तिने रोल रुमालासकट ओढून घेतला आणि त्याला हाताने जा म्हणून खुणावलं.

मत घेण्याआधी लायलने हात वर केला. "पाचनंतरची खिडकी आणखी एक वर्ष ठेवावी असं माझं मत आहे."

"कशाच्या आधारावर?" डीनने विचारलं. तिचा सूर वाकडा नव्हता. तिला खरंच आधार हवा होता, आणि मिळाला असता तर तिने मानलाही असता. लायलला तेच जास्त लागलं.

"आधार आहे. दाखवता येत नाही."

कुणीतरी खाकरलं. लूमिस काहीतरी टोमणा मारतील म्हणून सगळे थांबले होते. पण म्हातारा चष्मा पुसत लायलकडे नुसता बघत राहिला. मग त्यांनी आपली चिठ्ठी ओढली, हाताचा आडोसा करून लिहिली आणि घडी घातली.

साडेचारला लायल खाली आला. शेजारच्या दोन्ही खिडक्यांतली माणसं आवराआवर करत होती. अर्डिसपुढे चार जणांची रांग होती. त्याला पाहताच ती रांगेला "एक मिनिट हं" म्हणाली आणि खिडकीच्या कडेला सरकली.

"किती?"

"पाच विरुद्ध दोन. जूनअखेर बंद."

तिने मान हलवली. दोनदा हलवली. काउंटरवरचे फॉर्म तिने कारण नसताना नीट रचले. लायलला तिची माफी मागायची होती आणि कशाबद्दल मागायची ते ठरत नव्हतं.

"एक तू," ती म्हणाली. "दुसरा कोण रे?"

"चिठ्ठ्या गुप्त होत्या, अर्डिस."

ती त्याच्याकडे बघत राहिली. मग तिला हसू फुटलं, इतकं की रांगेतली पोरंही हसली. हसता हसता तिचे डोळे भरले. ते तिने मनगटाने पुसले.

"बरोबर," ती म्हणाली. "अगदी बरोबर." आणि रांगेकडे वळून तिने पुढच्याला बोलावलं.