चालत्या लयीत, न रेंगाळता

मित्रांनो, मी जुनी वही आहे हे माझ्या वासावरूनच तुम्हाला कळेल. पियानो आणि वाद्यवृंद यांनी मिळून वाजवायच्या एका मोठ्या रचनेचा, म्हणजे कॉन्सर्टोचा, मधला भाग माझ्यात लिहिलेला आहे. पाने अठ्ठावीस. आणि खरे सांगायचे तर त्यातल्या पहिल्याच ओळीपायी माझा जीव मेटाकुटीला आला आहे.

माझी रचना एका शाळेतल्या संगीत मास्तरांची. नक्कल उतरवणाऱ्या एका बाईंनी मला खिडकीजवळच्या टेबलावर लिहून काढले. सगळे स्वर उतरवून झाल्यावर त्यांनी विचारले, "मास्तर, वर लय काय लिहू?"

"चालत्या लयीत, न रेंगाळता."

"पण पट्टी तर मायनर आहे, उदास सुरांची. ऐकताना गलबलून येतं. 'शोकाने' असं लिहू का?"

मास्तर उसळले. "मायनर दिसली की काढा रुमाल! अहो, एक बाई कामावरून दमून घरी चाललीये. पाय दुखताहेत, पण पोरं वाट बघताहेत. ती रस्त्यात रडत बसेल का? माझी आई रोज अशीच यायची. शेवटी घराचं दार दिसतं ना, तिथे पट्टी बदलते."

बाईंनी टाक उचलला. काळ्या शाईने, ठसठशीत अक्षरात त्यांनी लिहिले: 'चालत्या लयीत, न रेंगाळता.'

पहिल्या कार्यक्रमात पियानोवर स्वतः मास्तर बसले. मी साडेसात मिनिटांत वाजून झाले. माझ्या मध्यावर क्लॅरिनेटची एक लांबलचक ओळ आहे. लय बरोबर असेल तरच ती एका दमात बसते. त्या दिवशी एका नव्या, तरुण वादकाने ती एका दमात वाजवली. मास्तरांनी सगळ्यांदेखत त्याची पाठ थोपटली. माझ्या आयुष्यातला तो सर्वांत चांगला दिवस.

दोन वर्षांनी मास्तर गेले. त्यांच्या स्मरणार्थ एक नामांकित पियानोवादक आले. त्यांनी मला उघडले, पहिली ओळ वाचली आणि खिशातून लाल पेन्सिल काढली. "दुःखाला कसली आलीये घाई!" असे म्हणत त्यांनी काळ्या शाईवर रेघ ओढली आणि वर लिहिले, 'अतिसंथ, शोकाने.'

तालमीत क्लॅरिनेटवाला धीर करून म्हणाला, "साहेब, ही ओळ आता एका दमात बसत नाही."

"मग मध्ये श्वास घ्या. कुणी नाही म्हटलंय?"

त्या ओळीच्या ऐन मध्यावर एक लाल खूण पडली. मी बारा मिनिटे चालले. चालले कसली, फरफटले. पण सभागृहात हुंदके ऐकू आले, टाळ्या थांबेनात. मग त्या लाल अक्षरांसकट माझ्या छापील प्रती निघाल्या आणि जो तो तसेच वाजवू लागला.

मित्रांनो, माझा राग कुणाला सांगू? वहीला बोलायचे तर दुसऱ्याच्या हातांनीच बोलता येते. मी मात्र कपाटात पडून. नवव्या पानावर कुणीतरी कप ठेवला, त्याचे वर्तुळ अजून आहे. चौदावे पान फाटले, त्याला चिकटपट्टी लावली. कपाट डुगडुगत होते म्हणून माझ्या शेजारच्या जाड वहीची घडी करून ती पायाखाली सारली. मी वाचले ते बारीक होते म्हणून!

तीस वर्षांनी एका पियानो शिकवणाऱ्या बाईंनी मला बाहेर काढले. ही रचना त्यांना वाजवायची होती. त्यांनी मला उजेडात तिरके धरले आणि लाल रेघेखालचे अक्षर लावून वाचले. मग त्या मला घेऊन थेट क्लॅरिनेटवाल्यांकडे गेल्या. तो तरुण आता निवृत्त व्हायला आला होता.

"काका, ही खरी लय?"

त्यांनी मध्यावरच्या लाल खुणेवर बोट ठेवले. "हीच. मी तीस वर्षं त्या ओळीत चोरून श्वास घेतोय, बाई. मरेपर्यंत एकदा तरी ती अखंड वाजवायचीये."

दोघांनी वाद्यवृंदाच्या संचालकांना गळ घातली. ते ऐकेनात. "लोक रडायला येतात. त्यांना फिरायला नेऊ का?"

पण माझी सुरुवात एकट्या पियानोने होते, हे ते विसरले. कार्यक्रमात बाईंनी पहिला स्वर वाजवला तो चालत्या लयीत. संचालकांच्या कपाळाला आठ्या पडल्या, पण मागून जाण्यावाचून इलाज नव्हता. क्लॅरिनेटची ओळ आली. काकांनी छाती भरून श्वास घेतला आणि लाल खुणेवर न थांबता ती शेवटापर्यंत नेली. त्यांचा चेहरा लालबुंद झाला होता. पट्टी बदलली तेव्हा बाई पियानोवर हसत होत्या.

टाळ्या मात्र जेमतेम. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात आले, 'मधला भाग घाईने उरकला.' काका निवृत्त झाले. बाईंना पुन्हा बोलावणे आले नाही. संचालकांनी एक छापील चिठ्ठी करवून घेतली, 'अतिसंथ, शोकाने', आणि माझ्या पहिल्या ओळीवर चिकटवून टाकली. खाली काय आहे ते आता तिरके धरूनही दिसत नाही.

मित्रांनो, जुनी वही हाती आली तर तिच्यावर कप ठेवू नका, पाने दुमडू नका, हे तर खरेच. पण त्याहून मोठी विनंती अशी की, वरचे वाचून लगेच मान डोलवू नका. गोंद वाळतो. माझ्या चिठ्ठीचा डावा कोपरा जरा सुटला आहे. तिथे नख लावा. फक्त हलक्या हाताने, कारण खालचा कागद फार पातळ झाला आहे.