घोषणापत्रातला पाचवा रकाना

नगरपालिकेच्या बांधकाम परवानगी विभागात तिला सगळे 'नियमावली' म्हणत, अगदी तोंडावरसुद्धा. कर्मचाऱ्यांकडून आचारसंहितेची घोषणापत्रं भरून घेण्याचं काम दरवर्षी तिच्याकडे असे आणि त्यात ती कुणाची गय करत नसे. ठेकेदाराने दिलेला पेन खिशाला लावून आलेल्या खुद्द साहेबांना तिने तो परत करायला लावला होता. घरातल्या कुणी, कार्यालयात काम अडलेल्या माणसाकडून भेटवस्तू घेतली आहे का, असं विचारणाऱ्या पाचव्या रकान्यात ती स्वतः अकरा वर्षं डोळे झाकून 'नाही' लिहीत आली होती.

त्या सकाळी बेकरीवाला खिडकीशी आला. त्याच्या नव्या धुराड्याचा अर्ज नामंजूर झाला होता. शेजारच्या घरापासून अंतर कमी पडतंय, हे तिने नकाशावर बोट ठेवून समजावलं.

"अंतर कमी आहे हे मला ठाऊक आहे हो," तो आवाज खाली आणून म्हणाला. "म्हणूनच तर खुर्ची पाठवली."

"कसली खुर्ची?"

"आता असं नका करू ताई. पाय दाबणारी. तुमच्या वडिलांनी स्वतः रंग पसंत केला."

खुर्ची घरी होती, चार महिन्यांपासून. निवृत्तांच्या मंडळाच्या सोडतीत लागली, असं अप्पा म्हणाले होते आणि तिने हौसेने त्यांचा त्या खुर्चीत बसलेला फोटो काढला होता.

अर्ध्या दिवसाची रजा टाकून ती घरी आली. अप्पा शब्दकोडं सोडवत बसले होते. चौतीस वर्षं त्यांनी घरोघरी पाण्याचे मीटर वाचले, पण कुणाच्या घरचा चहा म्हणून घेतला नाही. ती लहानाची मोठी झाली ती हेच ऐकत.

"अप्पा, खुर्ची कुणी दिली?"

"बेकरीवाल्याने." त्यांनी मान वर केली नाही. "का? बोंब मारायला लागला का?"

"आणखी कुणाकडून काय काय घेतलंत?"

"मागितलं नाही कधी. तू जेवताना सांगतेस ना, अमक्याची फाइल सहीला गेली, तमक्याची मंजूर होणार. मी बागेत त्या माणसाला म्हणतो, बघतो तुमचं काम. दोन दिवसांत काम होतं. तो खूश होऊन काहीतरी आणून देतो. व्हायचंच होतं ते, यात कुणाचं काय बिघडलं?"

"आणि बेकरीवाल्याचं?"

"त्याचं तू काही बोलली नव्हतीस. अंदाज चुकला."

कार्यालयातली माहिती बाहेर फोडू नये, हे कलम ती दरवर्षी नव्या लोकांना वाचून दाखवायची. आणि ती फोडत होती ती स्वतः, रोज, भाजी वाढता वाढता.

"पण का, अप्पा?"

त्यांनी शब्दकोडं बाजूला ठेवलं. मग म्हणाले, "मीटरवाला आला की लोक दार लावून घ्यायचे. आता बागेत चार माणसं उठून जागा देतात."

दुसऱ्या दिवशी तिने नवं घोषणापत्र भरलं. पाचव्या रकान्यात 'होय' लिहिताना अक्षर तिचं तिलाच ओळखू येईना. साहेबांनी कागद वाचला आणि दार ओढून घेतलं.

"फाडून टाका हो हे. म्हातारं माणूस आहे."

"तुम्ही फाडलंत तर उद्या दुसरं भरून आणीन, साहेब."

चौकशी झाली. अप्पांनी आठवून नऊ नावं सांगितली. त्यातल्या आठ परवानग्या नियमातच बसत होत्या, नववा अर्ज बेकरीवाल्याचा, तो नामंजूरच राहिला. तिला लेखी ताकीद मिळाली आणि तिची बदली जन्म-मृत्यू नोंदणीत झाली. आता तिला कुणी 'नियमावली' म्हणत नाही.

वस्तू परत करायला अप्पा तिच्याबरोबर दारोदार फिरले. शेवटचं घर एका शिवणकाम करणाऱ्या बाईंचं होतं. त्यांनी अप्पांसाठी शिवलेला कोट परत घ्यायचं नाकारलं.

"असू द्या हो काका. तुम्ही होतात म्हणून माझी वरची खोली झाली."

अप्पांनी एकदा लेकीकडे पाहिलं.

"नाही बाई," ते म्हणाले. "तुमचं काम होणारच होतं. मी काहीच केलं नव्हतं."

बाई त्यांच्याकडे बघतच राहिल्या. मग त्यांनी कोट घेतला आणि दार लावून टाकलं.